पळणारं फुटर

मावशीचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, म्हणून स्पीकरवर घेतला. एका साईटवरून मागवलेल्या साडीचे काठ फोटोत मोरपंखी होते आणि घरी आले ते चक्क निळे. साडी परत पाठवायची होती, पण परतीचा रस्ता सापडत नव्हता. "अगं, पानाच्या अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलंय. ‘संपर्क’, ‘परतावा’, सगळं दिसतंय मला. पण बोट टेकवायला गेलं की वीस नव्या साड्या येतात आणि ते गुडूप. अर्धा तास झाला, मी त्याच्या मागे धावतेय."

मी शहाणपणा केला. म्हटलं, वर तीन आडव्या रेघा असतील, तिथे बघ. तिथे पैठणी, इरकल, नारायणपेठ असे साड्यांचे प्रकारच प्रकार होते, संपर्काचा पत्ता नव्हता. मग म्हटलं, जेवण उरकून मी बघते. त्याआधीच तिचा मेसेज आला, "मिळाला नंबर. मोबाईलचा डेटा बंद केला. मग थांबलं ते."

३४ वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेली बाई ती. टाळाटाळ करणाऱ्याला जागेवर कसं उभं करायचं, हे तिला कुणी शिकवायला नको. मला मात्र हसू कमी आणि शरम जास्त वाटली, कारण वेबसाईट बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि असं पान मीही एकदा बनवून दिलेलं आहे.

तर हे फुटर पळतं कसं, आणि त्याला धरून ठेवायचं कसं, ते बघू.

वेबपानाच्या तळाशी जी पट्टी असते ती फुटर. पत्ता, फोन, परताव्याचे नियम, गोपनीयतेचं धोरण, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव, कॉपीराइटचं वर्ष. हौसेनं कुणी वाचायला जात नाही, पण अडचण आली की माणूस सवयीनं तिथेच जातो. ही सवय वेबच्या आधीची आहे. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाचा तळ बघा: ‘मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून या पत्त्यावर प्रसिद्ध केले.’ ती ओळ कुणाच्या हौसेखातर छापत नाहीत. मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव हवंच, हा दंडक १८६७ च्या कायद्यानं घातला. आता नियतकालिकांसाठी २०२३ चा नवा कायदा आला, तरी ओळ आपल्या जागी आहे. अंक दहा पानांचा असो की चाळीस, जबाबदार कोण ते शेवटी तळाशी सापडतं. अट एकच, अंकाला शेवट हवा.

इनफिनिट स्क्रोल, म्हणजे खाली सरकत जाल तसतशी आपोआप वाढत जाणारी यादी, नेमका हा शेवटच काढून घेते. आपल्याकडे याला मारुतीचं शेपूट म्हणतात. फुटर त्या शेपटाचं टोक. ते असतं, पण हाती लागत नाही.

आतली यंत्रणा साधीच आहे. यादीच्या शेवटी एक रिकामा, न दिसणारा तुकडा ठेवलेला असतो. त्याला राखणदार म्हणू. ब्राउझरला सांगून ठेवलेलं असतं की हा राखणदार पडद्यावर आला की कळव. कळलं की सर्व्हरकडून पुढच्या वीस वस्तू मागवायच्या आणि राखणदाराच्या वर चिकटवायच्या. राखणदार खाली ढकलला जातो आणि पुन्हा वाट बघत बसतो. पूर्वी यासाठी स्क्रोलच्या प्रत्येक हालचालीला हिशेब करत बसावं लागे आणि पान अडखळायचं. २०१६ मध्ये क्रोममध्ये इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर नावाची सोय आली, पुढे बाकीच्या ब्राउझरांनीही घेतली, आणि हे काम दहा-बारा ओळींचं झालं. सोपं झालं म्हणून गरज नाही तिथेही झालं, हेही खरं.

आता फुटर कुठे असतं? राखणदाराच्याही खाली. म्हणजे फुटर गाठायचं तर राखणदाराला ओलांडायला हवं, आणि ओलांडायला गेलं की तो वीस साड्या आणून वाटेत आडव्या घालणार. कोडमध्ये चूक शोधाल तर सापडणार नाही. यादी आणि फुटर दोघंही नेमून दिलेलं काम चोख करताहेत. पानाच्या तळाची जागा एक, आणि हक्क सांगणारे दोन, एवढंच भांडण आहे.

त्यात नेटचा वेग आणखी खोडी काढतो. राखणदाराला बहुतेक ठिकाणी जरा आधीच जागं करतात, म्हणजे तो पडद्यापासून चार-पाचशे पिक्सेल लांब असतानाच सर्व्हरकडे मागणी जाते. चांगल्या वायफायवर माल वेळेत पोचतो आणि फुटर कधी दिसतच नाही. असं काही या पानावर आहे, हेच कळत नाही. नेट सावकाश असेल तर मागणी गेलीय आणि माल यायचाय, एवढ्या दोनेक सेकंदांत फुटर दर्शन देतं. माणूस बोट नेतो आणि त्याच क्षणी माल उतरतो. ‘परतावा’साठी नेलेलं बोट पडतं एखाद्या साडीवर. ती उघडते. मागे यावं तर यादी पुन्हा पहिल्यापासून. डेटा बंद केल्यावर मागणीच पोचली नाही, म्हणून फुटर जागचं हललं नाही. मावशीनं राखणदाराची रसद तोडली होती.

पान असं बोटाखालून सरकतं, त्याचं गूगल रीतसर मोजमाप करतं. सरकण्याचा आकडा ०.१ पर्यंत असेल तर ठीक. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. बटण दाबल्यानंतर अर्ध्या सेकंदाच्या आत जे सरकतं ते त्या हिशेबात धरत नाहीत, कारण ते माणसानं मागितलेलं असतं. नुसतं स्क्रोल करणं मात्र मागणी म्हणून धरलं जात नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग बनवणाऱ्याला हे सगळं दिसत कसं नाही? माझंच सांगते. एका दुकानाचं काम होतं. माझ्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये चाचणीपुरत्या ३७ वस्तू भरल्या होत्या. दोनदा स्क्रोल केलं की यादी संपायची आणि फुटर दिमाखात हजर. मालकांना दाखवलं, त्यांनी फुटरमधला लोगो थोडा मोठा करायला सांगितला, बाकी पसंत. दुकान प्रत्यक्ष सुरू झालं तेव्हा माल होता सव्वाचार हजार. वीस-वीसच्या हिशेबानं दोनशे बारा-तेरा खेपा. फुटर त्याच्या पलीकडे व्यवस्थित होतं, मोठ्या केलेल्या लोगोसकट. वर्षभर कुणाची तक्रार आली नाही, कारण तक्रारीचा फॉर्म फुटरमध्येच होता. शेवटी एक गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या चढून आलं आणि तुमचा फोन नंबर कुठे लिहिलाय म्हणून विचारू लागलं, तेव्हा कळलं.

ज्यांना माऊस किंवा बोट वापरता येत नाही, ते टॅब दाबत एकेका दुव्यावरून पुढे जातात. प्रत्येक साडीच्या चौकटीत फोटो, बदामाचं चिन्ह आणि ‘कार्टमध्ये टाका’ असे तीन थांबे धरा. वीस साड्यांना साठ वेळा टॅब. साठावा दाबेपर्यंत पुढच्या वीस येऊन बसलेल्या. मावशीला निदान धावता तरी येत होतं. यावरचा उपाय वेबच्या मानकांमध्ये २०१७ पासून आहे. अशा यादीला ‘फीड’ म्हणून घोषित करायचं, पेजडाउननं एकेक नोंद पुढे जाता यायला हवं आणि कंट्रोल-एंड दाबलं की यादी सोडून थेट पुढे. पण हे आपोआप होत नाही, लिहिणाऱ्यानं लिहावं लागतं. यादीच्या आधी ‘यादी ओलांडून खाली जा’ असा एक साधा दुवा टाकणं तरी पाच मिनिटांचं काम आहे. तेही कुणी करत नाही.

इनफिनिट स्क्रोलची ही युक्ती काढली एझा रास्किन या अमेरिकन डिझायनरनं, २००६ मध्ये. ॲपलमध्ये मॅकिन्टॉशच्या प्रकल्पाची सुरुवात करणाऱ्या जेफ रास्किनचा हा मुलगा. त्याचं म्हणणं त्या वेळी सरळ होतं. माणूस यादीच्या शेवटी पोचला म्हणजे त्याला आणखी हवंय हे उघड आहे, मग ‘पुढचं पान’ दाबायचे कष्ट त्याला कशाला द्यायचे? समाजमाध्यमांनी ती उचलली आणि पुढचं आपण सगळे रात्री एक वाजता अनुभवतोच. रास्किननं नंतर या शोधाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पण व्यसनाचा विषय वेगळा, त्यावर बरंच लिहिलं गेलंय. मला अडतं ते त्याच्या मूळ गृहीतकापाशी. शेवटी पोचलेल्या माणसाला आणखीच हवं असतं असं नाही. कधी कधी त्याला तो शेवटच हवा असतो.

रमायला आलेला माणूस आणि काही शोधायला आलेला माणूस यांची गरज एक नाही. बातम्या, फोटो, मित्रांच्या गप्पा यांत रमायला आलेल्याला शेवट नकोच असतो. शोधायला आलेल्याला कुठवर आलो, किती उरलं, मघाची ती कुठे होती, हे कळावं लागतं. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस एकामागून एक घड्या उलगडतच राहिला, तर बाजूला काढून ठेवलेली साडी ढिगाखाली जाते. चांगला विक्रेता म्हणून मध्येच हात थांबवतो आणि विचारतो, "यातलं काही बाजूला ठेवू का?"

हाताने बनवलेल्या वस्तूंच्या एट्सी या अमेरिकन बाजारपेठेनं २०१२ च्या सुमारास शोधाच्या निकालांना अखंड स्क्रोल लावून पाहिला. जास्त वस्तू, जास्त लवकर, म्हणजे लोक खूश, असा अंदाज होता. झालं उलटं. लोकांनी शोधातून कमी वस्तू उघडल्या, कमी आवडत्या म्हणून साठवल्या. खरेदी थांबली नाही, पण त्यासाठी शोध वापरणं कमी झालं. त्यांच्या डॅन मॅकिन्ली या अभियंत्यानं पुढे हा फसलेला प्रयोग जाहीर व्याख्यानात उलगडून सांगितला. आमच्या धंद्यात फसलेलं असं मोकळेपणानं सांगणारे थोडे, म्हणून त्याचा उल्लेख मुद्दाम केला.

गूगलही त्याच वाटेनं जाऊन परत आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये मोबाईलवरच्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये संगणकावरच्या शोधनिकालांना सलग स्क्रोल दिला. तोही बेफाम नव्हता. संगणकावर सहा पानांइतके निकाल आले की पुढे बटण लागायचं. जून २०२४ मध्ये संगणकावरून तो काढायला सुरुवात केली आणि १, २, ३ असे पानांचे आकडे परतले. मोबाईलवरूनही मग तो गेला. कारण दिलं ते असं, की लोकांनी स्पष्टपणे न मागितलेले निकाल आपोआप लोड करण्यापेक्षा मागितलेले लवकर द्यावेत. मागितलेलं आणि न मागितलेलं, पुन्हा तोच फरक.

आता उपाय. सगळ्यात सोपा वाटणारा म्हणजे फुटर उचलून दुसरीकडे ठेवणं. संगणकावर फेसबुक आणि एक्स हेच करतात. बाजूच्या स्तंभात फिक्या बारीक अक्षरांत अटी, गोपनीयता वगैरे दुवे असतात आणि मधली यादी कितीही लांबली तरी ते जागेवर राहतात. यादी खरोखरच अखंड ठेवायची असेल तर प्रामाणिक मार्ग हाच. फक्त मोबाईलवर बाजूचा स्तंभ नसतो. तिथे हे दुवे तीन रेघांच्या मेनूत जायला हवेत, आणि मावशीच्या साईटनं तेवढंच केलं नव्हतं.

दुसरा मार्ग म्हणजे फुटरची छोटी पट्टी पडद्याच्या तळाशी कायमची चिकटवून टाकणं. मला हा आवडत नाही. मोबाईलच्या पडद्यावर आधीच वर पत्त्याची पट्टी, खाली साईटचा मेनू आणि मध्ये ‘आमचं ॲप घ्या’ची आरोळी. त्यात आणखी एक पट्टी घातली की साडी दिसायला दोन बोटं जागा उरते.

पानांचे आकडे हा जुना उपाय, आणि जुना म्हणून वाईट नव्हे. ‘ती सातव्या पानावर होती’ हे माणसाच्या लक्षात राहतं. मोबाईलवर मात्र ते चिमुकले आकडे दाबताना बोट चुकतं.

दुकानासाठी मला सगळ्यात पटतं ते ‘आणखी दाखवा’चं बटण. यादी थांबते, खाली बटण असतं, बटणाखाली फुटर. हवं त्यानं बटण दाबावं, नको त्यानं पुढे सरकावं. भांडण मिटलं, कारण वाढायचं की नाही हे आता माणूस ठरवतो, राखणदार नाही. मालकांना भीती असते की बटण दाबायचे कष्ट लोक घेणार नाहीत. मग मधला तोडगा काढता येतो. पहिल्या दोन-तीन खेपा आपोआप आणायच्या आणि मग बटण ठेवायचं. गूगलचा सहा पानांनंतरचा थांबा याच जातीचा.

बटण लावलं म्हणजे काम झालं असं समजू नका. नव्या वस्तू आल्या की टॅबवाल्या माणसाचं लक्ष्यस्थान, म्हणजे कीबोर्डनं तो जिथे उभा आहे ती जागा, नव्यातल्या पहिल्या वस्तूवर जायला हवी, नाहीतर तो पुन्हा पानाच्या डोक्यावर फेकला जातो. आणि प्रत्येक खेपेला पानाचा पत्ता बदलायला हवा. शेवटी ‘पान=३’ असं काहीतरी लागलं की साडी उघडून मागे येणारा माणूस होता तिथेच उतरतो, आणि ती जागा कुणाला पाठवायची असेल तर दुवा नेमका मिळतो. गूगलनं २०१४ मध्येच साईटवाल्यांना हे सांगितलं होतं की अखंड यादीचेही पत्ता असलेले तुकडे करून ठेवा. पानं वाचत फिरणारा त्यांचा यंत्रमानव माणसासारखा स्क्रोल करत बसत नाही. पहिल्या वीस साड्यांच्या पुढचा माल पत्त्याविना पडला असेल, तर त्याच्या लेखी तो अस्तित्वातच नाही.

कुणी म्हणेल, फुटरसाठी एवढा जीव कशाला टाकायचा? तर कायद्यासाठी. ई-कॉमर्सबद्दलच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता, ग्राहक सेवेचे क्रमांक आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क हे सगळं ठळकपणे दाखवावं लागतं. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण. लोकांचा मजकूर चालवणाऱ्या साईटींना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. तिथेही तक्रार अधिकाऱ्याचं नाव ठळक हवं, आणि सर्वसाधारण तक्रारीची पोच २४ तासांत. यांत ‘फुटर’ हा शब्द कुठे नाही. ते दुवे तिथे गेले ते रिवाजानं. ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचनांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिलेत, त्यांतही अखंड स्क्रोलचं नाव नाही. पण सव्वाचार हजार वस्तूंच्या खाली पुरलेलं नाव ‘ठळक’ कसं, हे कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमची स्वतःची साईट असेल तर तपासायला अर्धा मिनिट पुरतं. सगळा खरा माल भरलेली यादी उघडा आणि कीबोर्डवरचं एंड दाबा. फुटर येऊन स्थिरावलं तर ठीक. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट मुद्दाम मंद करा आणि पुन्हा दाबा. ऑफिसच्या वायफायवर जे कधीच दिसत नाही ते तिथे दिसतं.

त्या दुकानाच्या साईटवर आता बटण आहे. त्यावर नुसतं ‘आणखी’ न लिहिता ‘आणखी ४० दाखवा’ लिहिलंय आणि वर बारीक ओळ, ‘४,२४६ पैकी ८० पाहिल्या’. मालक म्हणाले, एवढा मोठा आकडा बघून गिऱ्हाईक घाबरेल. मी म्हटलं, तेवढा माल आहे याची तुम्ही जाहिरात करता ना? मग राहिला आकडा.

दुवा मावशीलाही पाठवला होता. तिचं उत्तर आलं, "थांबतंय. अक्षर फार बारीक आहे."